रंगाखालची जमीन

सोमवार, ३ मार्च

चौकशीच्या टेबलावर बसवलं मला. अठ्ठावीस वर्षं मागच्या खोलीत पुस्तकांना क्रमांक देण्यात घालवली, आणि आता टेबलावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून मी पुढे. "मॅडम, तुमच्याइतकं हे ग्रंथालय ठाऊक कुणाला आहे?" – इति आमचे ग्रंथपाल साहेब. साहेब गोड बोलायला लागले की समजावं, काहीतरी गळ्यात पडणार.

पहिल्या दिवसाचे प्रश्न – घड्याळ बरोबर आहे का. मुतारी कुठे. शब्दकोडं कुणीतरी आधीच सोडवून ठेवलंय, त्याचं काय करणार. आणि चौथा तर थोरच – "ते लाल पुस्तक आहे का? मागच्या वर्षी इथेच होतं."

लाल पुस्तक! चाळीस हजार पुस्तकं आहेत इथे. प्रत्येकाची तीन कार्डं – लेखकाचं, नावाचं, विषयाचं. प्रत्येक कार्डावर क्रमांक, आणि त्या क्रमांकाची कपाटात एकच जागा. यातली निम्म्याहून जास्त कार्डं माझ्या हातची. लाकडी खण ओढायचा, कार्ड बघायचं, कपाटाकडे जायचं. याहून सोपं जगात काय आहे? पण नाही. लोकांना रंग आठवतो.

समोर देवघेवीच्या खिडकीत रेडिओ बसतो. हे नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. सकाळी दहाला सुरू होतो तो संध्याकाळी सहालाच बंद. शिपाई म्हणून लागला होता, आता पुस्तकं देतो-घेतो. ग्रंथालयशास्त्राचा एक धडा शिकलेला नाही. लाल पुस्तकवाल्याला त्याने बोलावून घेतलं – किती जाड होतं, चित्रं होती का, कुणासाठी न्यायचंय, घरी कोण आजारी आहे का. चौकशी करतो की सोयरीक जुळवतो, देव जाणे. वीस मिनिटांनी पुस्तक सापडलं. लाल नव्हतंच, तपकिरी होतं.

मंगळवार, ४ मार्च

"झाडांवरची पुस्तकं कुठे?" – एक गृहस्थ. पाचशे ऐंशी, तिसरं कपाट, म्हणून सांगितलं. अर्ध्या तासाने तोंड पाडून परत. त्याला म्हणे अंगणातल्या लिंबावरची कीड घालवायची होती. मग तसं विचारायचं! मी काय ज्योतिषी आहे?

गुरुवार, ६ मार्च

आज कहर झाला. एक म्हातारा आला. सदरा स्वच्छ, नखं कायमची काळी. बंद पडलेल्या रंगकारखान्यात फिटर होता म्हणाला. त्याला एक पुस्तक हवंय. नाव? ठाऊक नाही. लेखक? "लॅबवाले साहेब." आडनाव? "आम्ही साहेबच म्हणायचो." विषय काय? तर "त्यात एक नकाशा आहे." बरं, बघितलं कधी होतं? – तर एकोणीस वर्षांपूर्वी! कारखाना बंद झाला तेव्हा लॅबवाल्या साहेबांनी पदरचे पैसे घालून छापलं, आणि याच्याच हाती इथे पाठवलं. "पिवळं आहे, पातळसं. मी स्वतः इथे आणून दिलंय बाई. याच दाराने."

मी त्याला शांतपणे सांगितलं की नाव नाही, लेखक नाही, तर पुस्तक नाही. तरी तो उभाच. हात टेबलाच्या कडेवर. मग मी खण ओढला, सहाशे सदुसष्ट – रंग आणि रंगाई – सगळी कार्डं त्याच्यासमोर चाळली. नाही. कारखान्याच्या नावाने बघितलं. नाही.

"कार्डात नाही म्हणजे ग्रंथालयात नाही," मी म्हटलं.

"पण मी दिलंय ना."

या एका वाक्यावर माणूस पाऊण तास उभा राहू शकतो, हे मला आज कळलं.

शनिवार, ८ मार्च

भाची आणि जावई आले होते. भाचीला पाचवा महिना. चालताना एक हात कमरेवर ठेवते – अजून काही दिसतही नाही, पण हात मात्र कमरेवर! ताईला त्याचंच कौतुक. ताईच्या घरात मी राहते, की माझ्या घरात ताई, हे आम्ही दोघींनी कधी ठरवलं नाही. भाची लहान असताना तिचे वडील गेले. ताई शाळेत शिकवायला जायची आणि मी ग्रंथालयातून येऊन पोरीचा अभ्यास घ्यायचे. अक्षर मीच वळवलंय तिचं. इतकं सुरेख अक्षर आमच्या साऱ्या गोतावळ्यात नाही.

त्यांनी जागा घेतली! दोन खोल्यांचा भाड्याचा कोंबडखुराडा सुटणार. गुळगुळीत कागदावर छापलेलं पत्रक दाखवलं – चौथा मजला, चोवीस तास बोअरचं पाणी, खाली मुलांसाठी बाग. पायाभरणी झालीये, सहा महिन्यांत दोन मजले उभे राहतील. कुठे, तर जुन्या रंगकारखान्याच्या आवारात.

मला तो फिटर आठवला, पण बोलले नाही. उगाच कशाला. जावयाने पत्रकाची घडी किती जपून घातली – देव्हाऱ्यातला कागद असावा तशी. हिशोबी माणूस. बोलतो कमी, विचारतो नेमकं. असा वाचक मिळाला तर चौकशीचं टेबलसुद्धा सुसह्य होईल.

मंगळवार, ११ मार्च

फिटर पुन्हा हजर. मी मान वर केली नाही. रेडिओने त्याला आपल्या खिडकीशी स्टूल दिलं, चहा मागवला. ग्रंथालय आहे की उपाहारगृह? आणि दोघांचा आवाज असा की सगळा वाचनकक्ष ऐकतोय.

त्यातून कळलं ते असं. कारखान्याचा उरलेला गाळ – रंगाच्या टाक्यांचा, आम्लाचा – शेवटच्या वर्षी आवारातच तीन मोठे खड्डे खणून पुरला. वरून माती लोटली. लॅबवाले साहेब नको नको म्हणत होते, त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी मोजमापं घेऊन नकाशा केला. आता तिथे इमारत उठतेय. फिटर नगरपालिकेत गेला होता, तीनदा. तिथल्या कारकुनाने विचारलं, कागद आहे का? हा म्हणाला, खड्डे मी माझ्या हाताने खणलेत. कारकून म्हणाला, हातावर शिक्का मारता येत नाही, कागद आणा.

"लॅबवाले साहेब कुठे असतात?" रेडिओने विचारलं.

"गेले. सहा वर्षं झाली."

रेडिओ वहीत लिहून घेत होता – पिवळं, पातळ, कारखाना बंद झाला ते साल, महिना पावसाआधीचा. आणि मी टेबलाशी बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

बुधवार, १२ मार्च

सकाळी कुणी यायच्या आत पुन्हा कार्डं बघितली. सहाशे अठ्ठावीस – सांडपाणी, प्रदूषण. तीनशे त्रेसष्ट. माती. विहिरी. नकाशे. कुठेही नाही. माझी कार्डं आहेत ती, खोटं बोलत नाहीत. म्हाताऱ्याने दुसऱ्याच कुठल्यातरी दारात पुस्तक दिलं असणार. बरं वाटलं.

सोमवार, १७ मार्च

साहेबांचं नवं खूळ – छाटणी. दहा वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही ते बाद. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर येणार, त्याला म्हणे कमी पुस्तकं बरी. आणि रिकाम्या जागेत आरामखुर्च्या! एक दानशूर बिल्डर देणार आहेत. साहेबांनी खुर्च्यांची चित्रंसुद्धा आणून दाखवली. भिंतीवर दात्याच्या नावाची पाटी लागेल. पुस्तकं काढून खुर्च्या – बसा आणि भिंत वाचा.

काम अर्थात माझ्याच गळ्यात. मागच्या आठवड्यात निम्मं झालं, आज उरलेलं. पुस्तक काढायचं, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायची, कोरी असेल तर यादीत चढवायचं, पोत्यात टाकायचं. दिवसाला तीनशे. रेडिओ पोती धरायला येतो आणि प्रत्येक पुस्तकाशी निरोपाचं बोलतो. मी मात्र क्रमाने काम केलं. कला, मग साहित्य, मग इतिहास. एकोणीस पोती, सगळ्यांवर क्रमांक. फेकायचं तरी शिस्तीत फेकावं.

गुरुवार, २० मार्च

रेडिओ संध्याकाळी सहानंतर थांबतो आणि कपाटांमधून फिरतो. बोट पुस्तकांच्या पाठीवरून फिरवत, पातळ आणि पिवळं शोधत. ओळीने, पहिल्या कपाटापासून. याला शोधणं नाही म्हणत, चरणं म्हणतात! मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, कार्ड सापडलं नाही म्हणून माणसाला परत पाठवायचं का?"

हो. त्यासाठीच कार्डं असतात.

शुक्रवार, २१ मार्च

लिहवत नाहीये. पण लिहिते.

दुपारी रेडिओ माळ्यावरून दाखल नोंदवही घेऊन आला. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी या वहीत चढतं – तारीख, कुणाकडून, नाव – आणि मग क्रमांक मिळतो. विकत, भेट, काहीही असो. ही वही उघडायचं मला सुचलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं नोकरी! मी कार्डंच बघत बसले. त्या गड्याकडे साल होतं, पावसाआधीचा महिना होता, त्याने चार पानं उलटली.

"भेट. रंगकारखान्याच्या प्रयोगशाळेकडून. 'रंगाखालची जमीन'. पृष्ठे ३६."

आणि पुढच्या रकान्यात वर्गीकरण क्रमांक, सातशे एक्कावन्न.

सातशे एक्कावन्न म्हणजे चित्रकला. चित्रकलेचं तंत्र. कॅनव्हासवर रंग देण्याआधी जो पहिला थर देतात, त्याला जमीनच म्हणतात. 'रंगाखालची जमीन' – नाव वाचलं आणि दिला ठोकून क्रमांक. आत उघडून बघितलंच नाही. त्या दिवशीच्या तारखेला वहीत एकशे बारा पुस्तकं चढलीत.

अक्षर माझं आहे. सात हा आकडा मी खाली आडवी रेघ देऊन काढते, तसा सात दुसऱ्या कुणाचा नाही.

आम्ही दोघं कलेच्या कपाटाकडे गेलो. मला ठाऊकच होतं. सातशे एक्कावन्नचा कप्पा मी सोमवारी रिकामा केला. पोतं क्रमांक चौदा. रद्दीवाला उद्या सकाळी येणार, आणि मागच्या खोलीची किल्ली घेऊन साहेब घरी गेलेले.

शनिवार, २२ मार्च

साडेसातलाच मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. रद्दीवाला आठला आला, साहेबांनी शिपायाहाती पाठवलेली किल्ली घेऊनच. चार पोती हातगाडीवर चढलीसुद्धा. मी म्हटलं, थांबा, चौदा नंबर खाली घ्या.

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, यादीवर सही तुमची आहे ना? मग आता काय हरवलं?"

जमिनीवर बसून पोतं उसवलं. क्रमाने भरलं होतं, त्यामुळे पाच मिनिटं लागली. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये – पातळ आणि पिवळं. तारखांची चिठ्ठी कोरी. एकोणीस वर्षांत एकाही माणसाने नेलं नाही. नेणार कसं? चित्रकार येऊन बघणार, आत गाळ, परत ठेवणार.

रद्दीवाल्याने पोतं पुन्हा शिवलं आणि म्हणाला, एक पुस्तक कमी झालं तरी वजनात फरक नाही.

पिशवीत घालून घरी आणलं. ग्रंथालयातून पुस्तक नोंद न करता बाहेर नेलं, जन्मात पहिल्यांदा.

रविवार, २३ मार्च

वाचलं. दोनदा. मातीचे नमुने, विहिरींचे नमुने, तक्ते. शिसं, क्रोमियम. भाषा अगदी साधी, माणूस भला असणार. शेवटी घडीचा नकाशा. तीन खड्डे, फाटकापासून किती पावलं तेसुद्धा लिहिलंय. खाली ताकीद – या आवारात पन्नास वर्षं विहीर खणू नये, लहान मुलांना माती हाताळू देऊ नये.

मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पत्र चिकटवलेलं. "ग्रंथपाल यांस. इतर कार्यालयांनी पोच दिली नाही. आपण द्याल असे वाटते. शोधणाऱ्यास सापडेल अशा जागी ठेवावे, इतकीच विनंती." त्याखाली आमच्या ग्रंथालयाचा पोचेचा शिक्का. शिक्का मारला, पत्र वाचलं नाही.

दुपारी भाचीला आणि जावयाला बोलावलं. नकाशा त्यांच्या गुळगुळीत पत्रकाशेजारी ठेवला. दुसरा खड्डा बरोबर मुलांच्या बागेखाली येतो. बोअर तिसऱ्याच्या अंगाला. भाची पांढरीफटक पडली. ताईला नीट दिसत नाही हल्ली, ती सारखी विचारत राहिली, काय आहे ग त्यात, काय आहे. जावयाने सगळी छत्तीस पानं वाचली, अगदी तक्तेसुद्धा. मग विचारलं, "मावशी, हे अजून कुणाला दाखवलंय?"

"नाही."

"बरं झालं."

शहाणा माणूस. उगाच आरडाओरडा नाही, रडारड नाही. वाचतो आणि ठरवतो. लाल पुस्तकवाल्यांच्या जगात एक तरी वाचता येणारा निघाला, आणि तो आमच्या घरात.

सोमवार, २४ मार्च

पुस्तक साहेबांपुढे ठेवलं. झालं ते सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. साहेबांनी नकाशा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग उठून दार लावलं.

खुर्च्या देणारा बिल्डर आणि आवारातला बिल्डर एकच आहे. हे मला कळायला आठ दिवस लागले, रेडिओला केव्हाच कळलं होतं म्हणे.

साहेब ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत. म्हणाले, पुस्तक दुर्मिळ आहे, एकच प्रत, जपायला हवं. काचेच्या कपाटात ठेवू, कुलपात, संदर्भासाठी, लेखी परवानगीने. "मॅडम, तुमची पण अब्रू आहे. एकोणीस वर्षं ते कुणामुळे सापडलं नाही, हा प्रश्न उद्या कुणी विचारलाच तर?" आणि किल्ली माझ्याच हातात दिली. विश्वासाने!

नवा क्रमांक दिला, बरोबर. सहाशे अठ्ठावीस. तीन नवी कार्डं लिहिली, सुवाच्य. कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईने – 'परवानगीने'. आता ते योग्य जागी आहे. योग्य जागी, आणि कुलपात.

मी भांडले का? नाही. भाची सुटली होती. बाकीचं साहेब जाणोत आणि नगरपालिका जाणो.

बुधवार, २६ मार्च

फिटर आला. रेडिओने त्याला सापडल्याचं सांगितलं होतं. टेबलाशी उभा राहिला, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कुणाच्या घरी समारंभाला आल्यासारखा. काचेतून पिवळा पुठ्ठा दिसला त्याला. "हेच," म्हणाला.

मी सांगितलं, साहेबांच्या नावे अर्ज करा.

"अर्ज लिहिता येत नाही मला."

रेडिओने लिहून दिला. साहेबांनी घेतला आणि इतर कागदांखाली ठेवला. विचार करू म्हणाले.

संध्याकाळी रेडिओ माझ्या टेबलाशी आला. "एक झेरॉक्स काढायची होतीत मॅडम. शनिवारी. रविवार अख्खा होता तुमच्याकडे."

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच आलं नाही. भाचीशिवाय दुसऱ्या कुणाला ते लागेल, हेच डोक्यात आलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

रेडिओ बंद. दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. शांतता हवी होती ना मला? घ्या.

शनिवार, ५ एप्रिल

भाचीने जागा सोडली! संध्याकाळी दोघं सांगायला आले. जावई म्हणाला, सगळं नीट झालं, काही नुकसान नाही. मी म्हटलं, बिल्डरने मुकाट्याने परत घेतली? तो म्हणाला, "सगळं नीट झालं मावशी." भाची ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, फार बोलली नाही. या दिवसांत असं होतंच, ताई म्हणाली.

रात्री ताई म्हणाली, तुझ्या त्या पुस्तकांनी आज पहिल्यांदा घराला काही दिलं. तिच्या तोंडून असं काही ऐकायला मी अठ्ठावीस वर्षं थांबले होते. मी ऐटीत चष्मा पुसला.

मंगळवार, ८ एप्रिल

आरामखुर्च्या आल्या. सहा. वाचनकक्षात मांडल्या. पहिल्या तासात चार माणसं त्यांत झोपली. साहेब म्हणतात, वाचकसंख्या वाढली.

सोमवार, १४ एप्रिल

फिटरचा तिसरा अर्ज. मीच पुढे पाठवला. साहेबांनी शेरा मारला – "प्रयोजन स्पष्ट करावे." फिटर विचारतो, प्रयोजन म्हणजे काय? रेडिओने मान फिरवली. म्हणून मी सांगितलं – कशासाठी हवंय ते.

"तुम्हाला ठाऊक आहे ना बाई," तो म्हणाला.

त्याच्यामागे एक जण उभा होता, कुठल्यातरी निळ्या पुस्तकासाठी. मी घाईघाईने त्याला पुढे घेतलं. निळं तर निळं. एरवी झापलं असतं.

गुरुवार, १७ एप्रिल

टेबलावरच्या बाईला मुलगी झाली. ती अजून दोन महिने येत नाही. म्हणजे मी इथेच. आज साठ जणांना उत्तरं दिली, त्यातली निदान चाळीस त्यांच्या प्रश्नाची नव्हती, हे आता लक्षात यायला लागलंय. मला बरं नाही. जेवण जात नाही. ताई म्हणते, पित्त.

सोमवार, २१ एप्रिल

हे टेबलावर बसूनच लिहितेय.

चार वाजता एक बाई आली. तिशीची असेल, शाळेत शिकवते म्हणाली. मातीवर पुस्तक हवं होतं. कपाटाकडे बोट दाखवणार होते, दाखवलं नाही. विचारलं, कशासाठी? म्हणाली, नवी जागा घेतलीये, खाली मुलांची बाग होणार आहे, तिथे काय लावावं ते बघायचंय. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला मातीत खेळायला फार आवडतं. जागा अगदी नशिबाने मिळाली – आधीच्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली म्हणून त्यांनी सोडली. फार चांगल्या होत्या हो, देताना रडल्या.

जावयाची बदली झालेली नाही.

मी म्हटलं, जागेचे कागद दाखवाल? तिने पिशवीतून काढले. शेवटच्या पानावर जागा देणारीची सही होती. आमच्या गोतावळ्यात इतकं सुरेख अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही.

कपाट उघडलं. साहेबांना विचारलं नाही. नकाशाचं पान पसरून तिच्यापुढे ठेवलं, तिला खुर्ची दिली, आणि रेडिओला म्हटलं, फिटरला बोलवा, झेरॉक्सचं दुकान सातपर्यंत उघडं असतं.

ती अजून वाचतेय. साडेपाच झाले. ताईने आज भाचीला जेवायला बोलावलंय.